या पानाचा उपयोग झाला का?

माहितीपुस्तिका कुणी वाचत नाही. हे काही मी नवीन सांगत नाही; तुमच्या घरातल्या मिक्सरची पुस्तिका कुठे आहे, ते आधी आठवून सांगा. वस्तू बंद पडली, तिला दोन थपडा मारून झाल्या, शेजाऱ्याला विचारून झालं, की मग कपाटाच्या तळातून ती पुस्तिका निघते, आणि तोवर नेमकं हवं ते पान फाटलेलं असतं. अशा पुस्तिका लिहिण्यात ज्याने उमेदीची सगळी वर्षं घातली, त्या माणसाची ही गोष्ट. बघा, ऐकवली तर.

ऑफिसात त्याला टीपकागद म्हणायचे. इंजिनिअर लोक तोंडाने जे काही सांडतील ते हा टिपून घ्यायचा आणि माणसाला कळेल असं लिहून काढायचा, म्हणून टीपकागद. वय चाळिशीच्या पुढे. लग्न झालेलं नव्हतं; का नाही, हे विचारणारे नातेवाईकही आता थकले होते. राहायला एक खोली, तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर कपडे बसायचे.

त्याची कंपनी एक लायब्ररी बनवायची. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमवाल्यांची, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. मोठं काम एकट्याने उरकत नाही, तेव्हा ते अनेक हातांत वाटून द्यायचं, ही त्या लायब्ररीची कामगिरी. त्या हातांना थ्रेड म्हणतात. मशीनच्या पोटात लहान लहान मेंदू असतात, ते कोअर. थ्रेड तिथे बसून काम करतात. कुठल्या थ्रेडने कुठल्या कोअरवर बसायचं, हे ठरवायच्या काही सेटिंग होत्या, आणि त्या सेटिंगचं पान टीपकागदाने लिहिलं होतं.

सगळ्यांना शेजारी शेजारी बसवायचं असेल तर एक शब्द लिहायचा, लांब लांब बसवायचं असेल तर दुसरा. शेजारी बसले की एकाने आणलेली माहिती दुसऱ्याच्या हाताशी येते. लांब बसले की प्रत्येकाला ऐसपैस, कुणाचा कोपर कुणाला लागत नाही. आणि काहीच लिहिलं नाही तर मशीन त्यांना मनाला येईल तेव्हा उठवतं आणि दुसरीकडे नेऊन बसवतं. बिचाऱ्याने जवळ जमवून ठेवलेलं सगळं जुन्या जागी राहतं आणि नव्या जागी पुन्हा श्रीगणेशा.

म्हणाल तर एवढंच. पण त्या एवढ्याशा पानातलं एकेक वाक्य त्याने आधी मशीनवर चालवून बघितलं होतं आणि मगच लिहिलं होतं. इंजिनिअरने सांगितलं म्हणून लिहिलं, असं एक अक्षर त्यात नव्हतं. गंमत बघा, थ्रेडला जागा नेमून देणारं हे पान लिहिणाऱ्याला स्वतःची खुर्ची नव्हती. ऑफिसात नवी पद्धत आली होती: कुणाची जागा ठरलेली नाही, सकाळी येईल त्याने मिळेल तिथे बसायचं, संध्याकाळी चंबूगबाळं कपाटात टाकून जायचं. रोज नवा शेजारी. शेजाऱ्याच्या कानात गाण्याच्या नळ्या खुपसलेल्या. कित्येक दिवस असे जायचे की चहावाल्या मशीनने 'कप ठेवा' म्हटलं, तेवढंच काय ते त्याच्याशी कुणी बोललेलं.

आता त्या पानाच्या तळाकडे या, कारण सगळी भानगड तिथे आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एक प्रश्न असायचा: या पानाचा उपयोग झाला का? पुढे दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिणाऱ्याचं नाव.

जगाची रीत अशी, की उपयोग झालेला माणूस कामाला लागतो आणि बटण विसरतो. न झालेला वैतागून पानच बंद करतो. त्यामुळे बाकीच्या पानांवर ती बटणं नुसती पडून होती. पण थ्रेडच्या पानावर जवळजवळ रोज सकाळी एक 'हो' पडायचा. एकच. दीडेक वर्ष हे चाललं होतं.

टीपकागद त्या 'हो'वर जगत होता, असं म्हटलं तर तो चिडेल, पण खरं आहे ते खरं आहे. ऑफिसात आल्याआल्या तो आधी आकडा बघायचा आणि मग डबा कपाटात ठेवायचा. त्याने आपल्या मनाशी त्या वाचणाऱ्याला उभंही केलं होतं. हवामानखात्यातला कुणी असावा, वाऱ्यापावसाचं गणित मशीनवर लावणारा. सकाळी कामाला लागण्याआधी थ्रेडच्या जागा एकदा तपासून घेणारा, नेमका माणूस. तोही एकटाच असणार. बाकीची पानं लिहितानासुद्धा टीपकागद मनात म्हणायचा, हे वाक्य त्याला आवडेल का. माणसाला एक ऐकणारा लागतो हो. दिसला नाही तरी चालतो.

मग ऑफिसात आवराआवर निघाली. माहितीविभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, त्यांनी सगळ्यांना उभ्याउभ्याच बोलावून घेतलं.

"एक, पानांखालची नावं आजपासून काढून टाकायची," मॅडम म्हणाल्या. "पान टीमचं असतं, एकट्याचं नसतं. दोन, आजपासून पाटी कोरी, जुने आकडे धरायचे नाहीत. 'हो'पेक्षा 'नाही' जास्त पडतील ती पानं तिमाहीच्या शेवटी जातील. त्यांच्या जागी कोडमधून आपोआप निघणारा तक्ता लागेल."

"आणि ती पानं लिहिणारे?" टीपकागदाने विचारलं.

"बघू," मॅडम म्हणाल्या.

ऑफिसातल्या 'बघू'चा अर्थ ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. पण टीपकागद घाबरला नाही. नाव गेल्याचं थोडं लागलं, नाही असं नाही. तरी त्याच्या पाठीशी तो हवामानखात्यातला माणूस होता. रोजचा एक 'हो' पडत राहिला की पान सुखरूप, आणि पान सुखरूप तर आपणही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आकडा बघितला. एक 'नाही'.

चुकून दाबलं असेल, तो म्हणाला. बटणं शेजारी शेजारीच तर आहेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'नाही'. चौथ्या दिवशीही. 'हो' एकही नाही. दीड वर्ष जवळजवळ रोज मान डोलावणारा माणूस एका रात्रीत फिरला होता, आणि टीपकागदाच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरीची भीती होतीच. पण खरं सांगू का, नोकरीपेक्षा त्याला हे जास्त झोंबलं. आपण याचं काय वाकडं केलं, हे त्याला कळेना.

मग त्याने पान पुन्हा लिहायला घेतलं. आधी क्रम बदलला: शेजारची मांडणी खाली, लांबची वर. 'नाही'. मग चित्रं काढली, चौकोनांत चौकोन, त्यांत थ्रेडचे ठिपके. 'नाही'. लांबलचक वाक्यं तोडली. 'नाही'. एका सकाळी तर त्याला पानात खरोखरची चूक सापडली आणि चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस तुम्ही बघितला नसेल. उदाहरणात त्याने मशीनच्या पहिल्या चार कोअरचे आकडे दिले होते. लोक उदाहरण जसंच्या तसं उचलतात. पण एकाच मोठ्या मशीनवर दोघांनी तेच उचललं, तर दोघांचे थ्रेड त्याच चार कोअरवर एकमेकांच्या मांडीवर बसणार, आणि बाकीचं अख्खं मशीन रिकामं पडून राहणार! हेच झालं असणार. त्या भल्या माणसाचं काम कुणाच्या तरी खाली दबून मरत असणार आणि तो रोज आपल्याला 'नाही' म्हणून सांगत असणार. टीपकागदाने उदाहरण बदललं, ठळक अक्षरांत इशारा लिहिला, मशीनवर दोन दोन प्रोग्रॅम लावून खात्री केली. त्या दिवशी तो घरी जाताना शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी 'नाही' पडला आणि सोबत शेराही आला. 'नाही' दाबलं की एक चौकट उघडायची, 'काय कमी वाटलं?' म्हणून. आजवर त्या चौकटीत कुणी काही लिहिलं नव्हतं. आज लिहिलं होतं:

?????? ?????? ??? ???? ????

अक्षर एक नाही. नुसती प्रश्नचिन्हं. टीपकागद बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. एखाद्या पानावर माणूस एवढा चिडतो? बोलायलाही शब्द उरू नयेत एवढा? शेजारी बसलेल्याला दाखवावं म्हणून तो वळला, पण शेजाऱ्याच्या कानात नळ्या होत्या आणि त्याचं नाव काय हेही टीपकागदाला माहीत नव्हतं.

रविवारी आईचा फोन आला. आई दुसऱ्या गावी दोन खोल्यांत एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगा एकच, तो हा. दर रविवारी फोन, आणि दर रविवारी तेच बोलणं: जेवलास का, झोप होते का, काम कसं चाललंय. तो म्हणायचा, चाललंय. पण हल्ली तिचं बोलणं वेगळ्याच वाटेने जायला लागलं होतं.

"कामावर जातोस ना?" आईने विचारलं.

"जातो."

"रोज?"

"रोज नाही तर काय दिवसाआड, आई?"

"तसं नव्हे. वरची माणसं बरी आहेत ना? तुला कुणी काही बोललं का?"

"कोण कशाला बोलेल मला?" तो म्हणाला, आणि हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"बरं. पण काही झालंच तर लपवून ठेवू नकोस. मागची खोली रिकामीच आहे. मी चादर बदलून ठेवलीये."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हिला कुठून वास लागतो? तिमाही संपायला आठवडा उरलेला, पान जाणार, त्यामागे कदाचित आपणही, हे त्याने भिंतीलासुद्धा सांगितलं नव्हतं. "माझी नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ आहे, कळलं?" तो तिरसटून म्हणाला. "सारखं सारखं तेच विचारू नकोस."

"नाही विचारत," आई म्हणाली. मग जरा थांबून, "जेवलास का?"

सोमवारी तो खुंटीकडे गेला. थ्रेडला जागेवर बांधून ठेवायचं कोड ज्याने लिहिलं तो इंजिनिअर म्हणजे खुंटी. सगळ्या ऑफिसात हा एकटा स्वतःच्या खुर्चीला चिकटून होता. नवी पद्धत आली त्या दिवशी त्याने टेबलाच्या पायाला सायकलचं कुलूप लावलं आणि वाद संपवला. त्याचं टीपकागदाशी गोड होतं, म्हणजे महिन्यातून एकदा दोघं भांडायचे.

"कोड बदललं का रे तू?" टीपकागदाने विचारलं. "गुपचूप? मला न सांगता?"

"मी गुपचूप श्वासही घेत नाही," खुंटी म्हणाला. "का?"

टीपकागदाने सगळं सांगितलं. खुंटीने पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि मान वाकडी करून म्हणाला, "पान बरोबर आहे. पूर्वीपेक्षा चांगलं आहे. हा तुझा हवामानवाला ठार वेडा आहे."

"आणि हा शेरा?"

खुंटीने प्रश्नचिन्हं बघितली आणि हसला. "अरे टीपकागदा, तुझं डोकं कुठे गहाण पडलंय? ही प्रश्नचिन्हं नव्हेत. कुणीतरी नीट लिहिलंय. आपली ती चौकट जुनी, तिला एकच लिपी येते. दुसऱ्या लिपीतलं अक्षर आलं की ती त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळी होते."

"मग मूळ काय होतं?"

"गेलं. चौकटीने खाल्लं. थांब, नोंद बघू." खुंटीने काहीतरी उघडलं. "हं. मशीन एकच आहे. सगळे 'नाही' एकाच टॅबलेटवरून. जुनाट आहे बिचारा, हे मॉडेल आता मिळतही नाही. आणि भाषा..." तो थांबला. "भाषा आपलीच लावलेली आहे, बरं का. तुझी माझी."

टीपकागद पडद्यावर वाकला.

"आणि ऐक," खुंटी पुढे वाचत म्हणाला, "आधीचे 'हो' पण याच टॅबलेटवरचे. सगळेच्या सगळे. दुसरं कुणी नाहीच."

आपल्याला जे केव्हाच उमगलं ते त्याला आत्ता उमगलं. हसू नका, आपल्याच घरातलं असलं की ते शेवटी दिसतं. दीड वर्षापूर्वी तो आईकडे गेला होता, तेव्हा आपला जुना टॅबलेट तिला देऊन आला होता. आईने विचारलं होतं, तू नेमकं करतोस तरी काय? त्याने हे पान उघडून दाखवलं. पानाची परकी भाषा आईला येत नव्हती, पण अक्षरं लावून लावून तिने तळाचं नाव वाचलं होतं. मग म्हणाली होती, हेच ठेव, उघडल्या उघडल्या दिसेल असं. त्याने ठेवलं. आणि गमतीत म्हणाला होता, हे बटण दाबलं ना, की आमच्या साहेबांना कळतं की मी चांगलं काम करतो.

बोलला आणि विसरला. मुलं विसरतात.

शनिवारी तो न कळवता आईकडे गेला. जिना चढून बेल वाजवली. आईने दार उघडलं, आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मग हातातल्या बॅगेकडे.

"एवढीच बॅग?" ती म्हणाली. "बाकीचं सामान मागाहून येतंय का?"

"आई, मी दोन दिवसांसाठी आलोय."

"बरं, बरं. हात धू आधी." तिचा विश्वास बसलेला नव्हता, हे तिच्या पाठीकडे बघूनही कळत होतं. मागच्या खोलीत चादर खरंच बदललेली होती. फडताळातला एक कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता. एका माणसाचे कपडे मावतील एवढा.

टॅबलेट शिवणयंत्रावर होता, वर उशीचा स्वच्छ अभ्रा घातलेला. त्याने अभ्रा काढला, कळ दाबली. पान उघडलं. त्याची चित्रं, त्याचा ठळक अक्षरांतला इशारा.

"तू रोज हे उघडतेस?"

"चहा झाला की. म्हणजे दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो." आई पदराला हात पुसत येऊन बसली. मग खाली बघत म्हणाली, "तुला काढलं ना रे? मला सांग. मी काही मोडून पडणार नाही."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? रोज खाली तुझं नाव असायचं. एक दिवस बघते तर नाही. म्हटलं दिसायचं राहिलं असेल, डोळे पुसले, चष्मा पुसला. नाहीच. तू तर फोनवर म्हणतोस चाललंय. मी काय समजायचं? मग मी ते दुसरं बटण दाबायला लागले. म्हटलं, तक्रार गेली की परत लावतील. ती चौकट उघडायची ना, एक दिवस तिच्यात लिहिलंसुद्धा. बोट दुखेपर्यंत अक्षरं शोधली. 'माझ्या मुलाचं नाव कुठे गेलं.' त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मोठी माणसं ती, कशाला उत्तर देतील."

टीपकागदाला हसायला आलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. पान पुन्हा लिहिताना घालवलेल्या त्या सगळ्या सकाळी, चौकोन, ठिपके, तोडलेली वाक्यं. आणि इकडे ही, पोराची नोकरी वाचवायला रोज चहानंतर त्याच्याच नोकरीवर घाव घालत होती. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. कितीतरी वर्षांत त्याने असं केलं नव्हतं. तिने केसांतून हात फिरवला, विरळ झालेत म्हणाली नाही.

"नोकरी आहे, आई. नावं सगळ्यांचीच काढली. नियम आहे नवा."

"खरं?"

"तुझी शपथ."

तिने मोठा श्वास सोडला. मग एकदम काळजीने, "मग मी ते 'नाही' दाबलं, त्याने तुझं काही बिघडलं का?"

"छे. त्याने काय होतंय."

"आणि आधी 'हो' दाबायचे तेव्हा... बाकीचे लोकही दाबत असतील ना?"

"हो," तो म्हणाला. "पुष्कळ."

सोमवारी तो मॅडमच्या समोर बसला. तिमाहीचा हिशोब त्यांच्यापुढे होता, आणि थ्रेडच्या पानावर लाल खूण. आता बघा, त्याला सोपी वाट होती. हे सगळे 'नाही' एकाच मशीनवरून आलेत, वजा करा, एवढं म्हटलं असतं तर मॅडमनी केले असते. खुंटीने तर नोंद छापूनही दिली होती. पान वाचलं असतं. पण 'नाही' आईचे म्हणून वजा करायचे आणि त्याआधीच्या दीड वर्षाचे 'हो' मनातल्या मनात आपले म्हणून ठेवायचे, हे त्याला जमेना. ज्याने न तपासलेलं एक वाक्य कधी लिहिलं नाही, त्याला हे कसं जमणार. त्याने सगळं सांगितलं, बोट दुखेपर्यंत शोधलेल्या अक्षरांसकट.

मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे दुसरं कुणीच नाही," त्या म्हणाल्या.

"कुणीच नाही."

"माझी आई अजून विचारते, तू ऑफिसात नेमकं करतेस काय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. "पान जाईल. वाचायलाच कुणी नाही, तर मी काय सांगून ठेवू? तुम्ही राहा. चूक झाल्याचे संदेश लिहायला माणूस हवाय. प्रोग्रॅम पडला की पडद्यावर एक ओळ येते ना, ती. ती तरी लोक वाचतात."

पान त्या आठवड्यात गेलं. त्याच्या जागी, वेगळ्या पत्त्यावर, तक्ता आला: एका रकान्यात सेटिंगचं नाव, दुसऱ्यात किंमत. तळाशी प्रश्न नाही, बटणं नाहीत. टीपकागद रोज मिळेल त्या खुर्चीवर बसून एकेका ओळीचे संदेश लिहू लागला. सकाळी आल्यावर आधी डबा कपाटात ठेवायचा, कारण आधी बघायला काही नव्हतं.

रविवारी फोन वाजला.

"अरे, ते पान उघडत नाही," आई म्हणाली. "सगळं पांढरं येतं. माझ्या हातून काही दाबलं गेलं का?"

"नाही आई. ते पान काढलं त्यांनी. जुनं झालं होतं."

पलीकडून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, नाहीतर नळ गळत असेल. "मला सवय झाली होती," ती म्हणाली. "वाचता कुठे येत होतं म्हणा. नुसतं बघायचे."

त्याच्याकडे पान होतं. त्याने स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे त्याने पलंगावर टाकले, फोन त्या खुर्चीवर टेकवून ठेवला आणि समोर बसला.

"मी वाचून दाखवतो," तो म्हणाला. "आपल्या भाषेत सांगतो. ऐकशील?"

"ऐकते की."

आणि मग त्याने ते पान वरपासून सांगायला घेतलं. मोठं काम असलं की ते अनेक हातांत कसं वाटतात. शेजारी बसवले तर काय होतं, लांब बसवले तर काय. आई 'हं' म्हणत होती. जागा बदलली की जवळ जमवलेलं सगळं मागे कसं राहतं, हे सांगताना ती म्हणाली, "अगं बाई, मग पुन्हा पहिल्यापासून?" "पहिल्यापासून," तो म्हणाला. दोघांनी एकच उदाहरण उचललं तर ते एकमेकांच्या मांडीवर कसे बसतात, यावर ती हसली. शब्द अडले तिथे त्याने दुसरे शोधले. या पानावर इतकी वर्षं घालवून ते आपल्या भाषेत त्याने पहिल्यांदाच सांगितलं होतं. इशारा वाचला, शेवटचं वाक्य वाचलं, आणि थांबला.

"झालं?" आईने विचारलं.

"शेवटी प्रश्न आहे ना. या पानाचा उपयोग झाला का?"

"झाला," आई म्हणाली. लगेच म्हणाली, विचारही केला नाही. मग थोडं थांबून, "आणि त्याच्या खाली?"

खिडकीतून समोरची भिंत दिसत होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने घसा साफ केला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं.